ब्रेकवाले भाऊजी आणि ताईचा पाय

माझे भाऊजी शब्दाला महाग. कोणी सरळ प्रश्न विचारला तरी उत्तर यायला इतका वेळ लागतो की विचारणारा तोवर दुसरा प्रश्न विचारून मोकळा होतो, आणि मग भाऊजी दोन्ही प्रश्नांना मिळून एकदाच मान हलवतात. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात ओढून हळूच विचारलं होतं, "अगं, मुलगा मुका तर नाही ना?" मी म्हटलं, "नाही, मघाशी पाणी मागितलं त्याने." आईला तेवढ्यानेच धीर आला.

आमची ताई म्हणजे बरोबर याच्या उलट. ती झोपेतही बोलते. लहानपणी आम्ही एका अंथरुणावर झोपायचो आणि रात्रीतून मला हवी तेवढी भांडणं ऐकायला मिळायची. अशी बाई या माणसाच्या घरात गेली, तेव्हा मला खरी काळजी तिची नव्हती, त्याची होती.

भाऊजींचा धंदा ब्रेकचा, आणि फक्त ब्रेकचा. इंजिन कुरकुरतंय, काच खाली होत नाही, गिअर अडकतोय, असलं काही घेऊन गेलात तर ते हाताने रस्त्याच्या पलीकडचं मोठं गॅरेज दाखवतात. गाडी चालवणारे पुष्कळ भेटतील, मी थांबवणारा माणूस आहे, हे त्यांचं म्हणणं गिऱ्हाइकांना ताई सांगायची. ते स्वतः असं काही म्हणाले होते का, याची मला अजून शंका आहे. पण ताई इतक्या ठामपणे सांगायची की त्यांनाही ते पटलं असावं.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एका गाडीपुरती जागा. मागे सामानाची एक खोली, बाजूने लोखंडी जिना, आणि वर दोन खोल्यांचं घर. जिन्यावरून कोणी उतरलं की पायऱ्यांचा आवाज आख्ख्या दुकानात घुमतो. लग्नानंतर वर्षभर ताई फोनवर माझ्याकडे एकच रडगाणं गायची. "वर मी एकटी, खाली ते एकटे. जेवायला येतात, ताटाकडे बघून जेवतात, परत खाली जातात. मी भिंतीशी बोलू का?" मग एकाएकी ते रडगाणं बंद झालं. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा ताई दुकानात, एका लाल गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली. उजवा पाय पेडलवर, केस वर बांधलेले, आणि तोंड चालू. भाऊजी चाकापाशी उकिडवे बसलेले, हातात पाना.

ब्रेकचं काम झालं की नळीत हवा राहते. ती काढावी लागते, नाहीतर पेडल नुसतं स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बारीकसा निपल, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, उघडायचा, हवा आणि तेल फसफसून बाहेर आलं की निपल बंद करायचा, आणि मगच आतल्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला की बाहेरची हवा परत आत. म्हणजे दोन माणसांचं काम. भाऊजींनी दुकानात कधी कोणाला ठेवलं नाही. हवा काढायची वेळ आली की ते जिन्याकडे तोंड करून हाक मारायचे आणि ताई हातातलं काम टाकून खाली यायची. "दाब. धर. सोड." एवढंच ते बोलायचे. उरलेलं सगळं ताई बोलायची. कोणाची सून रुसली, कोणाच्या घरात पाणी गळतंय, भाजी कशी महागलीय, तिची बहीण म्हणजे मी किती हट्टी आहे. भाऊजींना तिथून उठता येत नसे, कारण चाक सोडून जाणार कुठे? चाळीसेक वर्षं हा त्यांचा संसार असाच चालला. गावातल्या टॅक्सीवाल्यांना ताईचा पाय ओळखीचा झाला होता. वहिनींनी पेडल दाबलंय ना, मग बघायला नको, असं म्हणत ते गाडी घेऊन जायचे, आणि ताईला त्याचा केवढा अभिमान!

गेल्या वर्षी ताईला अर्धांगाचा झटका आला. भांडी विसळताना हातातली वाटी सुटली आणि वाटीमागे ताईही खाली. उजवी बाजू गेली. मी आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की वाचा शाबूत आहे, म्हणजे आपलं नशीब थोर आहे. पण वाचा शाबूत असून ताई गप्प झाली. ते मात्र मला कुठल्याच वॉर्डात शिकवलेलं नव्हतं.

जिना चढणं शक्य नव्हतं म्हणून दुकानामागच्या खोलीतलं सामान हलवून तिथे तिची खाट टाकली. हात हळूहळू परत आला. पायातही जीव आला, पण थोडासाच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रोज उभं राहायचं, त्या पायावर भार टाकायचा, चालायचं. हे काही महिनेच हातात आहेत, आत्ता हलला तर हलला, नाहीतर पाय कायमचा असाच राहील. ताई मान हलवायची. डॉक्टर गेले की भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी गोड बोलून बघितलं, ओरडून बघितलं, एकदा तर रडूनही बघितलं. परक्या माणसांना खाटेवरून उठवून मी कॉरिडॉरभर चालवलंय. माझा आवाज ऐकून लोक दुखणं विसरून उठायचे. सख्ख्या बहिणीपुढे मात्र मी हात टेकले.

एकदा अंग पुसताना ती आपणहून बोलली. "माझ्यामुळे दुकान बसलं गं."

ते खरंच होतं. भाऊजी ब्रेकची कामं घेतच नव्हते. सकाळी शटर उघडायचे, पाने पुसून ओळीने लावायचे, दुपारी परत पुसायचे. गाडी आली की म्हणायचे, "ती बरी झाली की या." टॅक्सीवाले हळहळत निघून जायचे आणि त्यांचं एकूण एक वाक्य आत ताईच्या कानावर जायचं. म्हणून तिने दार लावून घ्यायला सांगितलं होतं. मी भाऊजींच्या खनपटीला बसले. "एखादा माणूस ठेवा, पेडल दाबायला काय अक्कल लागते?" ते मान हलवायचे. हो की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत. मला वाटायचं, या माणसाला उचलून गदागदा हलवावं. बायको आत कुढतेय आणि हा बाहेर पाने पुसत बसलाय!

अशात माझी गाडी अडली.

माझी गाडी जुनी आहे, पण माझ्यापेक्षा तिचे सांधे बरे आहेत असं मी समजून चालले होते. पावसापाण्यात बरेच दिवस दारात उभी होती. त्या दिवशी ताईकडे जायला काढली, तर सुरुवातीपासूनच ओढल्यासारखी चालत होती. मी म्हटलं, म्हातारी आहे, कंटाळा केला असेल. मग ती डावीकडे खेचायला लागली. मग जळका वास यायला लागला. पुढे एक ट्रक होता, मी त्यालाच शिव्या घातल्या. ट्रक वळला तरी वास माझ्याबरोबरच आला. भाऊजींच्या दारात पोहोचले तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून बारीक धूर निघत होता. मी सवयीने ताप बघायला हात लावला आणि बोटं भाजून घेतली.

भाऊजी वासानेच बाहेर आले होते. "कुठून अशी आलीस?"

"घरापासून."

त्यांनी कपाळाला हात लावला. ताईच्या आजारपणापासून त्यांच्या चेहऱ्यावर एवढी हालचाल मी पहिल्यांदाच बघत होते. गाडी आता एक हात पुढे न्यायचीही सोय नव्हती. ती बरी झाली की या, असं सांगून मला परत पाठवता येणार नव्हतं. ते काही वेळ चाकाकडे बघत उभे राहिले, मग आत जाऊन जॅक घेऊन आले.

चाक गार होईपर्यंत त्यांनी हात लावला नाही. मग गाडी उचलली आणि दोन्ही हातांनी चाक फिरवून बघितलं. जागचं हललं नाही. त्यांनी निपल जरासा उघडला, चार थेंब तेल आलं, चाक परत फिरवलं. तेलाचा दाब सोडूनही जाम.

"पाइप नाही. कॅलिपर," ते म्हणाले.

कॅलिपर म्हणजे चाकातल्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी धरणारा पंजा. पेडल दाबलं की तेलाचा दाब येतो, पंज्यातला पिस्टन पुढे सरकतो आणि तबकडी आवळली जाते. पाय उचलला की पकड सुटायला हवी. माझ्या गाडीची सुटतच नव्हती. चाक काढल्यावर भाऊजींनी मला बोटाने दाखवलं. पंजा ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातल्या एकीचं रबर फाटलं होतं. आत पाणी जाऊन पिन गंजून घट्ट बसली होती. पिस्टनचीही तीच गत. तबकडीला घासणारं ब्रेकचं पॅड एका बाजूने पार झिजलेलं, एका बाजूने जवळजवळ कोरं.

"हातोडा घालू का?" मी विचारलं. मला राग आला की हातोडा आठवतो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप स्टुलावर बसले. गंज सोडवणारं तेल त्यांनी पिनेवर मारलं आणि नुसते बसून राहिले. वाट बघणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मग पक्कड लावून पिन अगदी थोडी इकडे, थोडी तिकडे. परत तेल. परत वाट. पंजा त्यांनी तारेने वर टांगून ठेवला होता, रबरी नळीवर त्याचं ओझं पडू नये म्हणून. कितीतरी वेळाने पिन करकरली आणि सुटली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि चक्क हसले. मला भरून आलं. इतके महिने हातावर हात धरून बसलेला हा माणूस, त्याच्या हातांना काम मिळाल्याबरोबर दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

पिस्टन बाहेर काढायला त्यांनी पंज्यात लाकडाचा ठोकळा घातला आणि मला सीटवर बसवलं. "हळू दाब."

मी दाबलं. पिस्टन दातओठ खात बाहेर आला, आणि शेवटी भसकन निघून माझं सगळं ब्रेक ऑइल फरशीवर. मी आत बसून किंचाळले. मागच्या खोलीचं दार बंदच होतं, पण खाट कुरकुरल्यासारखी वाटली. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "ताई, तुझा नवरा माझ्या गाडीचं रक्त काढतोय बघ!" आतून उत्तर आलं नाही.

भाऊजींनी पिस्टन बारीक पॉलिश पेपरने घासला, नवीन रबरं आणली, सगळं ब्रेक ऑइलनेच धुतलं. "पेट्रोल लागलं की रबर फुगतं," असं पूर्ण वाक्य ते मला न विचारता बोलले. पिनांना ग्रीस लावलं, नवीन पॅड बसवले, पंजा जागेवर चढवला, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत नवीन तेल ओतलं. मग हवा काढायचा पाना हातात घेऊन ते उठले, मागच्या खोलीच्या दाराकडे वळले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

मी ते बघितलं. 

"मी आहे ना," मी म्हटलं आणि घाईने सीटवर जाऊन बसले. त्यांनी नाही म्हटलं नाही. पण हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. त्यांनी धर म्हटलं की मला दरदरून घाम यायचा आणि सोड म्हणायच्या आत माझा पाय वर. एकदा शेजारून हॉर्न वाजला, मी दचकून उचलला. एकदा दारापलीकडे काही हललं का म्हणून कान द्यायला गेले, तेव्हा उचलला. जेवढी हवा बाहेर गेली तेवढीच मी परत आत घेतली.  उठून भाऊजींनी पाना पुसला आणि जागेवर ठेवला.

"राहू दे. ती बरी झाली की करू."

माझं डोकं फिरलं. पण माझ्या दोन्ही बुटांवर तेल होतं, आणि त्या अवस्थेत भांडायला उभं राहिलं तर पाय घसरायची भीती. मी फडकं शोधायला भिंतीतलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात जुन्या चिंध्या, आणि त्यांच्यामागे एक काचेची बाटली. झाकणाला भोक पाडून त्यातून नळी घातलेली, नळीचं टोक बाटलीच्या अगदी तळापर्यंत. नळी जुनी, पिवळी पडलेली. बाटलीवर धूळ होती, पण अगदी पातळ.

दुसऱ्या कोणी ती चिंध्यांत परत ढकलली असती. मी मात्र बघताक्षणी ओळखली. छातीत हवा साठलेल्या पेशंटला आम्ही हुबेहूब अशीच बाटली लावायचो. नळीचं टोक पाण्याखाली बुडवलेलं; म्हणजे हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, पण परत आत जाऊ शकत नाही, कारण वाटेत पाणी. अशी बाटली लावली की रात्रभर कोणी धरून बसायला लागत नाही. या बाटलीत तेल घालून नळी निपलला लावली, तर धर आणि सोडची गरजच काय! निपल उघडा ठेवायचा, आत बसून पेडल मारायचं, झालं. एका माणसाचं काम.

मी बाटली उचलून त्यांच्यासमोर धरली. "भाऊजी, हे काय आहे?"

चोरी करताना पकडलेल्या मुलासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला हे एकट्याने येतं."

मान हलली.

"कधीपासून? लग्नाच्या आधीपासून?"

मान हलली.

इथे मला सांगायला हवं की मी कुजबुजत होते. म्हणजे मला तसं वाटत होतं. माझी कुजबुज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि पेशंट हसायचे, हे मला माहीत आहे. पण राग आला की ते आठवत नाही. "आणि मग हे नाटक कशाला? ताई आत झुरतेय, माझ्यामुळे दुकान बसलं म्हणून. ती उठत नाही, जेवत नाही, त्या पायाचे दिवस निघून चाललेत, आणि ही बाटली तुमच्या कपाटात पडलीय? एक काम केलं असतंत तरी तिच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं!"

 फरशीवरच्या तेलाकडे बघत भाऊजी बोलायला लागले, तुटक तुटक, जाम पिन सोडवावी तसे.

"ती आत आहे. तिला सगळं ऐकू येतं. पेडल वाजलं, गाडी गेली, कोणी मदतीला नाही, हे तिला कळणार. मग तिला वाटेल, एवढी वर्षं आपण उगीचच जिना उतरलो. याला आपली गरज नव्हतीच. आधीच पाय गेलाय. हेही काढून घेऊ का तिच्याकडून?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मग तेव्हा तरी का बोलवायचात तिला?"

"ती बोलायची ना." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. "वर ताटावर बसलो की मला सुचायचं नाही काही. ती बिचारी वाट बघायची, मग तीही गप्प व्हायची. इथे हातात काम असलं की नुसतं ऐकलं तरी चालायचं. मला ते फार आवडायचं."

मी बाटली हातात धरून उभी. 

"ती बाटली नीट धर. काचेची आहे."

आवाज मागून आला होता. खोलीचं दार उघडं होतं आणि ताई दारात उभी होती. डाव्या हाताने चौकट घट्ट धरलेली, उजवा पाय थरथरत फरशीवर टेकलेला, केस विस्कटलेले. खाटेपासून दारापर्यंत ती एकटी आली होती. माझ्यातली नर्स पुढे धावली, पण तिने डोळ्यांनीच मला जागच्या जागी थांबवलं.

"लग्नानंतर पहिल्यांदा कपाट आवरलं, तेव्हाच सापडली होती मला," ती म्हणाली. "एका टॅक्सीवाल्याला विचारलं, हे काय असतं म्हणून. त्याने सांगितलं. पुसून होती तिथे ठेवली. दर वेळी पुसून ठेवते."

भाऊजी तिच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तू यायचीस कशाला?"

"तुम्ही हाक मारायचात म्हणून." इथपर्यंत तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, मग एकदम फाटला. "आणि या आजारपणात एकदाही मारली नाहीत. गिऱ्हाइकांना सांगत बसलात, ती बरी झाली की या, ती बरी झाली की या. मला कधी म्हणालात, ये म्हणून? मी तिथे पडल्या पडल्या वाट बघत होते हो. मला वाटलं, आता यांना मी नको."

 भाऊजींनी माझ्या हातातून बाटली घेतली, फडक्याने पुसली, तिच्यात तेल ओतलं. चाकापाशी बसून नळी निपलवर चढवली आणि निपल अर्धा फेरा उघडला. ते काय करतायत हे माझ्या उशिरा लक्षात आलं. नळीचं टोक तेलाखाली होतं. आता पेडलवरचा पाय मध्येच सुटला, घसरला, थरथरला, तरी काही बिघडणार नव्हतं. मग ते पलीकडे गेले, ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडलं, सीट जाईल तेवढी मागे सरकवली आणि परत चाकापाशी येऊन बसले.

तिथे बसून त्यांनी ताईला हाक मारली. नावाने मारली. ती त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होती, तरी जिन्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

ताईने चौकट सोडली. मी कोपर पुढे केलं, तेवढं तिने घेतलं. गाडीपर्यंतचं ते अंतर आम्ही कसं पार केलं ते सांगण्यात अर्थ नाही. मध्ये दोनदा थांबलो, एकदा ती मला वेंधळी म्हणाली. सीटवर बसल्यावर तिचा पाय उचलून पेडलवर ठेवायला मी वाकले, तर तिने माझा हात झटकला. मांडीला दोन्ही हात घालून तिने स्वतःच तो उचलला आणि ठेवला. पेडल खाली जायला फार वेळ लागला. मध्येच थरथरलं, परत वर आलं. ती परत दाबायला लागली. बाटलीत एक बुडबुडा उठला, मग बुडबुड्यांची माळच.

"मागच्या घरात कोण राहायला आलंय?" ताईने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही, पण उत्तराची तिने वाट बघितली नाही. रोज सकाळी दार आपटतात, बाई पहाटेच गाणी लावते, मुलगी रडते तेव्हा कोणी उचलत नाही, हे सगळं तिने त्या खाटेवरून ऐकलेलं. दाराआड पडून कानावर पडलेलं जे काही आत साठलं होतं, ते सगळं आता बाहेर येत होतं. मध्ये मध्ये दम लागायचा, तेवढ्यापुरती थांबायची, पाय दाबायची, पुढे बोलायची.

काही वेळाने मी बाटलीकडे बघितलं. बुडबुडे केव्हाच थांबले होते. नळीतून स्वच्छ तेल येत होतं, काम झालं होतं. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं. मग उठून त्यांनी नवीन तेलाचा आणखी एक डबा फोडला, गाडीत ओतला, आणि चाकापाशी येऊन परत ऐकत बसले.